दगडाची सरदारकी

घराभोंवतीं चार हात मोकळी जागा असली कीं तींत दोन फुलझाडें लावावीं, दारापुढें तुळशीवृंदावन असावें, आणि सांडपाण्यावर केळीचा एखादा गड्डा वाढूं द्यावा, एवढीच आमच्या मध्यम वर्गाची बागेविषयींची महत्त्वाकांक्षा पुष्कळ काळ होती. अलीकडे तिच्यांत दगडाची भर पडली आहे. नव्या बंगल्यांच्या आवारांत हिरवळीच्या कडेस नदींतले गोटे पसरलेले दिसतात, कोपऱ्यांत मोठमोठे धोंडे रचून त्यांच्या फटींतून निवडुंग व नेचे लावलेले असतात, आणि या रचनेस ‘रॉकरी’ असें नांव सांगण्यांत येतें. नांवावरून उघड आहे कीं ही आवड आमच्याकडे इंग्लंडांतून आली. लंडनमधील चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेंत १७७३ सालीं असा एक दगडी वाफा रचण्यांत आला. त्याकरितां लंडनच्या किल्ल्यांतील जुने चिरे आणि निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यानें आइसलंडहून आणलेले ज्वालामुखीचे दगड वापरले होते. परंतु इंग्रजी बागेंतील दगड हा डोंगरी झाडांच्या सोयीकरितां आलेला असतो. तेथें झाड हा यजमान व दगड हा त्याचा सेवक. हें नातें उलटें करून दगडालाच यजमानपद देणारी एक निराळी व फार जुनी परंपरा जगांत आहे. ती चीन देशाची होय. त्या परंपरेच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं तें वाचल्यानंतर बागेंतल्या दगडाकडे पूर्वींच्या निश्चिंतपणें पाहतां येत नाहीं. त्याच प्रकरणाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यांगत्से नदीच्या मुखाकडील सखल प्रदेशांत, सूझौ शहराजवळ, ताइहू नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठीं व बेटांवर चुनखडीचा खडक आहे. युगानुयुगें पाण्यानें झिजून व लाटांनीं घासून या खडकाचे असे विलक्षण आकार बनतात कीं एखादा ढगच थिजून दगड झाला असावा असें वाटतें. कोठें आरपार भोंकें, कोठें आंत वळत गेलेल्या गुहा, तर कोठें पायथा निमुळता आणि माथा रुंद. अशा दगडांच्या परीक्षेचे चार गुण चिनी रसिकांनीं ठरविले होते : दगड अंगानें सडपातळ असावा, त्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या असाव्या, त्याच्या अंगांत वाटा असाव्या, आणि त्या वाटांतून पलीकडचा उजेड दिसावा. आमच्याकडे सुंदर दगड म्हणजे घडविलेला दगड. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही आमची म्हण, आणि वेरूळचें कैलास लेणें हें तिचें सर्वांत मोठें उदाहरण. चिनी रसिकाची दृष्टि याच्या नेमकी उलट. माणसाची टाकी न लागलेला, केवळ पाण्यानें आणि काळानें घडविलेला दगड त्याला श्रेष्ठ वाटे. अर्थात् या प्रांतांतही लबाडी होतीच. मनाजोगता दगड न मिळाल्यास लोक साध्या दगडास भोंकें पाडून तो सरोवराच्या लाटांत नेऊन ठेवीत, आणि पुष्कळ वर्षांनीं, टाकीची खूण पुसली गेल्यावर, बाहेर काढीत. म्हणजे लबाडीसही शेवटीं काळाचीच मदत घ्यावी लागे!

ही आवड सरदारांच्या वाड्यांत व साहित्यांत रूढ झाली ती तांग राजवटींत, नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत. सूझौचें अधिकारपद भूषविलेला प्रसिद्ध कवि बाई जूयी (७७२-८४६) यानें ८४३ सालीं आपला मित्र न्यू सेंग-रू या मंत्र्याच्या दगडांवर एक निबंध लिहिला. न्यूनें आपल्या दगडांच्या प्रती लावल्या होत्या आणि प्रत्येक दगडावर त्याची प्रत कोरून ठेविली होती. या न्यूचा कट्टा वैरी म्हणजे ली द-यू हा दुसरा मंत्री. या दोघांच्या पक्षांच्या भांडणानें तांग दरबार सुमारें चाळीस वर्षें पोखरला गेला. ज्यांचें कोणत्याही राजकारणांत कधीं जुळलें नाहीं त्या या दोन पुरुषांचें दगडाच्या वेडांत मात्र पूर्ण ऐकमत्य होतें. लोयांगनजीक ली द-यूची जी प्रसिद्ध बाग होती, तींतील एक झाड किंवा एक दगडही जो दुसऱ्यास देईल तो आपला खरा वंशज नव्हे, असें त्यानें मुलांनातवांस बजावून ठेविलें होतें. तो स्वतः ८५० सालीं दूर दक्षिणेस हैनान बेटावर हद्दपारींत मरण पावला, आणि त्याचे दगड पुढें परक्यांच्या बागांत गेले.

तांगांच्या मागून आलेल्या सुंग राजवटींत हें वेड अधिक सात्त्विक झालें असें वाटण्यासारखी एक गोष्ट आहे. मी फू (१०५१-११०७) हा त्या काळांतील थोर चित्रकार व सुलेखनकार. एका सरकारी कामाच्या गांवीं त्यानें एक अजस्र व ओबडधोबड दगड पाहिला. त्याबरोबर त्यानें दरबारी पोषाख चढविला, दगडासमोर जाऊन रीतसर नमस्कार घातला, आणि त्याला ‘वडीलबंधु’ म्हणून हांक मारली. शेंदूर फांसलेल्या धोंड्यापुढें हात जोडणाऱ्या आम्हां मराठी माणसांस ही गोष्ट वेडेपणाची वाटूं नये. भेद एवढाच कीं आम्ही दगडांतल्या देवास नमस्कार करितों, आणि मी फूनें दगड दगडच आहे हें ओळखून त्याला नमस्कार केला. आपल्याहून पुष्कळ अधिक काळ जगलेल्या एका वस्तूपुढें माणसानें केलेली ती नम्रता होती. त्या दगडानें जागा सोडावी अशी त्यांत कोठेंही अपेक्षा नव्हती. मी फू स्वतः चालून त्याच्यापाशीं गेला. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें जें घडलें तें याच्या बरोबर विरुद्ध घडलें.

सुंग घराण्याचा आठवा सम्राट हुइझोंग ११०० सालीं वयाच्या अठराव्या वर्षीं गादीवर आला. राजा म्हणून त्याच्याविषयीं कांहींही म्हटलें तरी कलावंत म्हणून त्याचा अधिकार निर्विवाद आहे. त्यानें निर्माण केलेली सडपातळ, धारदार लेखनशैली आजही चीनमध्यें गिरविली जाते. त्यानें काढलेलें एका दगडाचें चित्र पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयांत आहे. आणि त्याच्या कारकीर्दींत तयार झालेल्या राजसंग्रहाच्या यादींत सहा हजारांवर चित्रांची नोंद आहे. अशा राजाची राजधानी काइफेंग ही पीत नदीच्या सपाट मैदानांत वसलेली होती. तेथें लोकवस्ती अफाट होती, व्यापार अमाप होता. नव्हता तो फक्त डोंगर. राज्याच्या आरंभीं सम्राटास पुत्र नव्हता, तेव्हां शहराच्या ईशान्य कोपऱ्यांतील जमीन उंच केल्यास वंश वाढेल, असें एका जाणत्यानें सुचविलें. (आमचें वास्तुशास्त्र ईशान्य दिशा सखल असावी असें सांगतें, परंतु सम्राटास पुढें पुष्कळ पुत्र झाले, तेव्हां या वादांत शिरण्याचें कारण नाहीं.) यश आल्यावर त्या उंचवट्याचा पर्वत करण्याची कल्पना निघाली. १११७ सालीं काम सुरू झालें आणि ११२२ सालीं पुरें झालें. या कृत्रिम पर्वताचें नांव ‘गेन्युए’, म्हणजे ईशान्येचा पर्वत. त्याचा घेर दहा ‘ली’ हून अधिक, म्हणजे सुमारें पांच किलोमीटर होता. आणि त्यांत कडे, दऱ्या, धबधबे, हरणांचे कळप व देशोदेशींचे पक्षी होते. गुहांत विशिष्ट खनिजें ठेवून साप दूर ठेवण्याची व सकाळीं धुकें उठविण्याची युक्तीही केली होती, असें नंतरच्या एका लेखकानें नमूद केलें आहे.

या पर्वतास लागणारे दगड शेंकडों मैलांवरच्या ताइहू सरोवरांतून आणावयाचे होते. त्यासाठीं सूझौ येथें ११०५ सालींच एक खास कचेरी उघडलेली होती, आणि तिचा कारभार झू म्येन नांवाच्या इसमाच्या हातीं होता. हा एका औषधविक्या व्यापाऱ्याचा मुलगा. मुख्य मंत्री त्साई जिंग याच्या आश्रयानें वर आलेला. प्रारंभ अगदीं निरुपद्रवी होता. झू म्येननें पहिल्या प्रथम पाठविलीं तीं अवघीं तीन शोभेचीं झाडें. सम्राटानें तीं पाहून संतोष व्यक्त केला. एवढेंच घडलें. पुढच्या वर्षीं अधिक वस्तु आल्या, त्याच्या पुढच्या वर्षीं त्याहून अधिक. आणि थोड्याच वर्षांत कालव्याच्या पाण्यावर दगडांनीं व झाडांनीं लादलेल्या नावांच्या रांगा दिसूं लागल्या. सरकारी वाहतुकींत दहा नावांच्या तांड्यास ‘गांग’ म्हणत. त्यावरून या साऱ्या खटाटोपास ‘ह्वा-शी-गांग’, म्हणजे फुलादगडांचे तांडे, असें नांव पडलें.

नाजूक भोंकांचा दगड इतक्या दूर न तुटतां कसा नेला जाई, याचें वर्णन उपलब्ध आहे. आधीं त्याच्या साऱ्या पोकळ्यांत चिकण माती ठांसून भरीत. मग वरून तागमिश्रित मातीचे थर देऊन त्याचा एक मोठा गोळा करीत व तो उन्हांत कडकडीत वाळवीत. मुक्कामीं पोहोंचल्यावर गोळा पाण्यांत बुडविला कीं माती विरघळे आणि आंतला दगड जसाच्या तसा बाहेर येई. कारागिराच्या बुद्धीचें कौतुक करावें तितकें थोडें! परंतु मातीच्या वेष्टनानें दगड वांचला, माणूस वांचला नाहीं. दक्षिणेकडून राजधानीचें धान्य आणणाऱ्या नावा दगडांसाठीं अडकवून ठेवण्यांत आल्या. ११२३ सालीं ताइहूमधून एक प्रचंड शिळा निघाली. तिच्यासाठीं खास जहाज बांधलें, हजार माणसें दोर ओढण्यास लाविलीं, आणि वाटेंत आडवे आले ते पूल तोडले, बांध फोडले, कालव्याचे दरवाजे उखडले. कित्येक महिन्यांनीं ती राजधानीस पोहोंचली. गेन्युएच्या मध्यमार्गावर असाच एक अतिभव्य दगड उभा होता. त्याला सम्राटानें ‘अचल’ अशा अर्थाच्या नांवाची सरदारकी बहाल केली होती.

सूझौच्या बाजूस काय चाललें होतें याचें चित्र सुंगांच्या अधिकृत इतिहासांतच आहे. कोणाच्या अंगणांत एखादा बरा दगड किंवा झाड आहे असें कळलें कीं शिपाई सरळ आंत शिरत आणि त्यावर राजाचें पिवळें वस्त्र टाकीत. वस्तु लगेच नेत नसत. ती आतां सम्राटाची झाली, आणि घरमालक तिचा राखणदार झाला. राखण्यांत कसूर झाली तर राजाचा अनादर केल्याचा गुन्हा. न्यावयाची वेळ आली म्हणजे भिंत पाडून, प्रसंगीं घर मोडून ती बाहेर काढीत. याचा परिणाम असा झाला कीं घरांत कांहीं सुंदर वस्तु असणें हा लोक अपशकुन मानूं लागले, आणि ती आपल्या हातानें केव्हां नाहींशी करूं असें त्यांस झालें. वरच्या मागण्या भागवितां भागवितां कित्येकांवर पोटचीं मुलें विकण्याची पाळी आली. ज्या प्रांतानें दगडावर प्रेम करावयास साऱ्या देशास शिकविलें, त्याच प्रांतांत दगडाची धास्ती पडली. आमच्या मतें या सर्व हकीगतींतील ही सर्वांत दुःखाची गोष्ट होय. पूल पुन्हा बांधतां येतात. पण सौंदर्य दिसतांच ज्याच्या छातींत धडकी भरते तो माणूस पुन्हा रसिक होणें कठीण.

सम्राटास हें ठाऊक नव्हतें काय? त्याच्या बाजूनें असा बचाव करण्याचा मोह होतो. परंतु त्यास ठाऊक होतें. तक्रारी कानांवर आल्यावर त्यानें एक आज्ञापत्र काढलें, आणि त्यांत दहावर कलमें होतीं : धान्याच्या नावा वापरूं नयेत, थडगीं उकरूं नयेत, घरें पाडूं नयेत, लोकांच्या बागांतील वस्तूंवर पिवळें वस्त्र टाकूं नये. कलमें चांगलीं होतीं. मात्र त्याच आज्ञेनें झू म्येन व इतर पांच जणांस नजराणे पाठविण्याची मुभा कायम ठेविली! थोडे दिवस झू म्येन दबून वागला; मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. राजास जुलूम नको होता, दगड मात्र हवे होते. आणि जुलमावांचून दगड येत नाहींत हें मनाशीं कबूल करण्याची त्याची तयारी नव्हती.

११२० सालच्या शरदृतूंत दक्षिणेंत फांग ला नांवाच्या माणसानें बंडाचें निशाण उभारलें. झू म्येनचा वध हाच आपला उद्देश असें त्यानें जाहीर केलें, आणि लोक हजारोंनीं त्याच्या भोंवतीं जमले. थोड्याच महिन्यांत हांगझौ शहर पडलें. सहा प्रांत व बावन्न तालुके बंडवाल्यांच्या हातीं गेले. सेनापति तुंग ग्वान यानें सम्राटाच्या नांवानें दगडांचे तांडे बंद केल्याचें जाहीर केलें, तेव्हां लोकांस आनंद झाला. ११२१ सालीं फांग ला पकडला गेला व मारला गेला. आणि बंड मोडतांच झू म्येन पुन्हा राजाच्या मर्जींत आला. वर सांगितलेली ११२३ सालची प्रचंड शिळा ही या बंडाच्या नंतरची आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पुढें लोकांनीं या दगडांचा सूड वाङ्मयांत घेतला. ‘शुइहू झ्वान’ या प्रख्यात चिनी कादंबरींत, जिचें पर्ल बक यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९३३ सालीं प्रसिद्ध झालें, यांग झी नांवाचा एक शूर अधिकारी आहे. दगडांचा एक तांडा नेतांना त्याची नाव पीत नदींत बुडते, शिक्षेच्या भीतीनें तो परागंदा होतो, आणि अखेर बंडखोरांस जाऊन मिळतो.

शेवट फार लवकर आला. उत्तरेच्या जुर्चेन लोकांशीं सुंगांनीं जुन्या शत्रूविरुद्ध तह केला होता. तो शत्रु ११२५ सालीं नामशेष होतांच जुर्चेनांनीं आपला मोर्चा सुंगांकडेच वळविला. हुइझोंगनें घाईघाईनें मुलास गादीवर बसविलें. ११२६ सालीं झू म्येनची मालमत्ता जप्त होऊन त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याची जमीन तीन लक्ष ‘मू’ भरली. त्या हिवाळ्यांत राजधानीस दुसऱ्यांदा वेढा पडला. कडाक्याच्या थंडींत नव्या सम्राटानें गेन्युए मोडण्याचा हुकूम दिला. लाखभर पक्षी बाहेर काढून नदीवर सोडून दिले. मंडप पाडून जळण केलें. बांबू तोडून तट्टे विणले. हरणें मारून शिपायांस खाऊं घातलीं. आणि ज्यांच्यासाठीं पूल तोडले होते, ते दगड फोडून त्यांचे तटावरून शत्रूवर फेंकण्याचे गोळे केले. ११२७ सालीं शहर लुटलें गेलें व दोन्ही सम्राट कैद होऊन उत्तरेस नेले गेले. पुरा झालेला तो पर्वत जेमतेम पांच वर्षें उभा होता. विजेत्यांनीं हुइझोंगला एक उपहासाची पदवी दिली. तिचा अर्थ ‘मतिभ्रष्ट उमराव’ असा होतो. ज्यानें दगडास सरदार केलें त्याच्या वांट्यास अशी सरदारकी आली. ११३५ सालीं, मायदेशापासून फार दूर, कैदेंतच तो वारला.

दगडांमुळें साम्राज्य बुडालें असा सरळ निष्कर्ष काढणें मात्र बरोबर होणार नाहीं. जुने चिनी इतिहासकार राजाच्या पतनाचें कारण त्याच्या चैनींत शोधीत. तो त्यांच्या बखरींचा सांचाच होता. फसलेलें परराष्ट्रधोरण, दुबळी सेना व जुर्चेनांचें सामर्थ्य हीं कारणें अधिक बलवान् होतीं. पॅट्रिशिया एब्री यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या या सम्राटाच्या विस्तृत चरित्रांत त्याची बाजू पुष्कळ सहानुभूतीनें मांडली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. तरी दगडांच्या या हकीगतीचें महत्त्व कमी होत नाहीं. राज्य कशानें पडतें याहून, एखादी निरागस आवड जुलूम कशी होते हें ती दाखविते. मी फूची आवड आणि हुइझोंगची आवड एकाच जातीची होती. कदाचित् हुइझोंगची नजर अधिकच सूक्ष्म असेल. परंतु एकजण दगडाकडे चालत गेला आणि दुसऱ्यानें दगडास आपल्याकडे आणविलें. राजाची आवड खालच्या अधिकाऱ्याच्या हातीं गेली कीं ती आज्ञा होते, आज्ञा त्याच्या हाताखालच्या शिपायाकडे गेली कीं ती धाड होते. आणि ज्याच्या अंगणांत धाड पडते त्याला मूळची आवड कोठेंच दिसत नाहीं.

त्या तांड्यांतले म्हणून सांगितले जाणारे कांहीं दगड आजही उभे आहेत. सूझौच्या ल्यू-युआन बागेंतील साडेसहा मीटर उंचीचा ‘मुकुटमेघ’ त्यांतलाच, असें परंपरा सांगते. युनेस्कोनें १९९७ सालीं ज्या सूझौच्या बागांस जागतिक वारशाचा मान दिला त्यांत ही बाग आहे. शांघायच्या यू बागेंतील दुसऱ्या एका दगडाविषयीं अशी ख्याति आहे कीं त्याच्या पायथ्याशीं धूप जाळला तर प्रत्येक छिद्रांतून धूर निघतो. त्याची मौज पाहणाऱ्या मुलांस पिवळ्या वस्त्राची गोष्ट कोणी सांगत असेल कीं नाहीं कोण जाणे.

आमच्या अंगणांतल्या चार गोट्यांशीं या साम्राज्याच्या कथेचा काय संबंध, असें कोणी विचारील. प्रमाणाचा संबंध नाहीं हें खरें, जातीचा आहे. आमचे गोटेही कोठल्या तरी नदीच्या पात्रांतून उचललेले असतात, आमचे धोंडेही कोठल्या तरी टेकडीच्या कुशींतून फोडलेले असतात. हें दगड फोडण्याचें काम महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या वडार समाजानें केलें, आणि त्यांनीं घडविलेल्या वाड्यांच्या इतिहासांत त्यांचीं नांवें क्वचितच आलीं. बागेंत दगड ठेवूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उन्हापावसांत वर्षानुवर्षें तसाच राहणारा, पाहणाऱ्याच्या मनास क्षणभर स्वस्थ करणारा असा दुसरा सोबती घरास मिळणें कठीण. फक्त तो दारीं उतरवून घेतांना, हा कोठून आला, कोणी काढला, आणि काढणाराच्या पदरांत काय पडलें, एवढी विचारपूस करावी. पाहुण्याची इतकी चौकशी आम्ही एरवीं करितोंच.